भयगंड : त्याचे पोषण आणि त्याचा निरास

वेदान्ताचे विवरण करणाऱ्या ग्रंथांतून रज्जुसर्पाचा दृष्टान्त वारंवार येतो. तिन्हीसांजेच्या अंधुक प्रकाशात वाटेवर पडलेली दोरी पांथस्थाला सर्प भासते, त्याच्या सर्वांगाला कंप सुटतो, पाऊल जागच्या जागी खिळते. इतक्यात कोणी दिवा घेऊन येतो, दोरी ही दोरीच आहे असे उमगते, आणि ज्या क्षणी ज्ञान होते त्याच क्षणी भय नाहीसे होते. ज्ञान आणि अज्ञान यांचे नाते समजावून देण्यास याहून समर्पक दृष्टान्त सापडणे कठीण. परंतु मानवी मनाचे एक दुःख असे आहे की ज्याला तो मुळीच लागू पडत नाही. ज्याला भयगंड जडलेला असतो त्याच्या हाती दिवा आरंभापासूनच असतो. भिंतीवरची पाल आपल्याला काही करीत नाही, हे तिला पाहून माजघरातून धावत सुटणाऱ्या गृहिणीला पुरते ठाऊक असते. आणि लिफ्टमधून दिवसभर शेकडो माणसे सुखरूप वरखाली करतात, हे सातव्या मजल्यावरच्या कचेरीत रोज धापा टाकीत जिन्याने जाणारा कारकूनही नाकारीत नाही. दोरी दिसते, ती दोरीच आहे याविषयी संशयही नसतो, आणि तरीही पाय मागे वळतात. म्हणूनच ‘अगं, ती काय खाते की काय तुला?’ असे विचारून युक्तिवादाने भय घालवू पाहणारी घरची माणसे, त्यांचा हेतू कितीही चांगला असला तरी, त्या व्यक्तीच्या पदरी भयाच्या जोडीला लाजही टाकतात. कारण जे तिला आधीच कळलेले आहे तेच ती पुन्हा ऐकते, आणि कळूनही वळत नाही हा स्वतःवरचा आरोप मुकाट्याने कबूल करते.

भय आणि भयगंड यांची गल्लत मात्र होऊ देता कामा नये. भय ही प्राणिमात्राच्या रक्षणासाठी निसर्गाने करून ठेवलेली तजवीज आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कातळावर गवत कापणारा शेतकरी दगडाला हात घालण्यापूर्वी तो काठीने हलवून पाहतो, कारण त्या मुलखात फुरशांचा सुळसुळाट. आणि देशावरचा शेतकरी रात्री पाणी धरायला जाताना बॅटरी घेतल्यावाचून बांधावर पाऊल टाकीत नाही, कारण घोणस आणि मण्यार यांची गाठ पडण्याची वेळ तीच. हे भय शहाणपणाचे आहे, आणि ते ज्याच्यापाशी नाही त्याला शूर म्हणण्यापेक्षा बेसावध म्हणणेच योग्य होईल. परंतु शहरातील चौथ्या मजल्यावर राहूनही जो रात्री अंथरूण तीनतीनदा झाडतो, मुलाच्या पाठ्यपुस्तकातील सापाचे चित्र असलेले पान उलटताना ज्याचा हात थरथरतो, आणि नागपंचमीच्या दिवशी रस्त्यात गारुडी भेटेल म्हणून जो घराबाहेर पडत नाही, त्याच्या भयाचा सापाशी असलेला संबंध नावापुरताच उरलेला असतो. संकटाच्या मानाने भय अवास्तव असणे, ते सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकून राहणे, आणि त्याच्यापायी नित्याच्या व्यवहाराला मुरड घालावी लागणे, या तीन खुणा एकत्र दिसल्या म्हणजे वैद्यक त्याला भयगंड म्हणते. हे दुखणे विरळा नाही. २२ देशांत झालेल्या एका मोठ्या पाहणीत आयुष्यात केव्हा ना केव्हा अशा विशिष्ट भयगंडाने पछाडलेल्यांचे प्रमाण ७ टक्क्यांच्या थोडे वरच आढळले. स्त्रियांत ते पुरुषांच्या सुमारे दुप्पट असते, आणि प्राण्यांविषयीचे भयगंड तर बहुधा शाळकरी वयातच मूळ धरतात.

कळूनही वळत नाही याचे कारण शरीराच्या रचनेतच आहे. हार्वर्ड विद्यापीठातील वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दाखवून दिले की संकटाची चाहूल लागताच शरीर झुंजीसाठी किंवा पलायनासाठी सज्ज होते. मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून ॲड्रेनलिन रक्तात उतरते, हृदयाचे ठोके वाढतात, श्वास जलद होतो, पचनाचे काम तहकूब होऊन रक्त स्नायूंकडे वळते. या सर्व घडामोडींचा हुकूम मेंदूच्या आतील भागात असलेल्या, बदामाएवढ्या, अमिग्डला नामक केंद्रातून सुटतो. पुढे जोसेफ लदू या अमेरिकन संशोधकाने असे प्रतिपादन केले की डोळ्यांनी किंवा कानांनी टिपलेली वार्ता या केंद्राकडे दोन मार्गांनी पोहोचते: एक मार्ग आखूड आणि जलद, परंतु त्यावरून येणारी वार्ता ढोबळ, दुसरा लांबचा, मेंदूच्या विचार करणाऱ्या स्तरातून जाणारा, आणि म्हणून अचूक पण विलंबाचा. ‘काहीतरी वळवळले’ एवढे कळताच पहिल्या मार्गाने हुकूम सुटून जातो, आणि ‘ती दोरी आहे’ हा शहानिशा केलेला जबाब येईपर्यंत छाती धडधडू लागलेली असते. एरवी हा जबाब आला की शरीर शांत होते. भयगंडात मात्र जबाब येऊनही हुकूम मागे घेतला जात नाही.

तो का घेतला जात नाही, या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी भय मुळात जडते कसे याविषयी जे प्रयोग झाले त्यांची हकीकत सांगणे अवश्य आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे १९२० साली जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी सुमारे ११ महिन्यांच्या एका बालकावर एक प्रयोग केला. मानसशास्त्राच्या ग्रंथांतून हे बालक आल्बर्ट या नावाने ओळखले जाते. पांढऱ्या उंदराकडे ते प्रथम कुतूहलाने हात पुढे करी. परंतु त्याने उंदराला स्पर्श करावा आणि त्याच क्षणी त्याच्या डोक्यामागे पोलादी कांबीवर हातोडीचा घाव घालून कर्णकर्कश आवाज करावा, असे काही वेळा घडल्यावर नुसता उंदीर दिसताच ते रडू लागले व रांगत दूर पळू लागले. पुढे ते भय सशापर्यंत, कुत्र्यापर्यंत, इतकेच काय, केसाळ कोटापर्यंत पसरले. हे भय उतरविण्याचा कोणताही प्रयत्न होण्यापूर्वीच ते बालक रुग्णालयातून निघून गेले. अजाण जिवाच्या मनात हेतुपुरस्सर भय पेरावे आणि ते तसेच ठेवून त्याला जाऊ द्यावे, हे कृत्य ज्ञानाच्या नावावरही क्षम्य ठरत नाही, असे मला वाटते. मात्र त्यातून निघालेला निष्कर्ष नंतरच्या उपचारांचा पाया ठरला हेही तितकेच खरे. भय शिकता येते, आणि जे शिकता येते त्याच्या विरुद्धही शिकता येते.

तथापि प्रत्येक भयगंडामागे असा एखादा घाव सापडतोच असे नाही. पुष्कळ रुग्णांना पालीने, उंचीने वा काळोखाने आपले कधी वाईट केल्याचे आठवत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील मार्टिन सेलिगमन यांनी १९७१ साली असा विचार मांडला की मनुष्यजातीच्या दीर्घ उत्क्रांतीत जी संकटे पुनःपुन्हा पुढे आली, म्हणजे सर्प, उंच कडे, कोंडलेली जागा, काळोख, त्यांचे भय शिकण्यास आपले मन जन्मतःच तयार असते. म्हणूनच आज जिच्यामुळे अधिक माणसे मरतात त्या मोटारीचा भयगंड त्या मानाने क्वचित दिसतो, आणि कोळ्याचा मात्र घरोघर. सूझन मिनेका आणि त्यांचे सहकारी यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांनी या विचाराला बळकटी आली. प्रयोगशाळेत जन्मलेली माकडे सापाला भीत नव्हती. परंतु सापाला पाहून किंचाळणारे, मागे सरणारे रानातले माकड त्यांना दाखविताच ती काही मिनिटांतच सापाला भिऊ लागली. मग चित्रफितींची अशी जुळणी केली की त्यात तेच घाबरलेले माकड फुलाला पाहून घाबरते आहे असे वाटावे. पण फुलाचे भय मात्र कोणी शिकले नाही. भय केवळ स्वतःच्या अनुभवाने नव्हे तर दुसऱ्याच्या मुद्रेवरूनही शिकले जाते, ही गोष्ट लहान मुले असलेल्या प्रत्येक घराने मनावर घ्यावी अशी आहे. कारण कुत्रे जवळून गेले असता मुलाचा हात घट्ट आवळणारी आई तोंडाने काहीही बोलत असली, तरी मूल त्या हाताच्या पकडीवरूनच धडा घेत असते.

आता मूळ प्रश्न. भय जडले, ठीक आहे. पण वर्षानुवर्षे त्याचा अंमल का टिकून राहतो? वर उल्लेखिलेल्या कारकुनाचेच उदाहरण घेऊ. सकाळी साडेदहाच्या सुमारास तो लिफ्टच्या दारासमोर येतो; रांगेत त्याच्यापुढे तिघेचौघे असतात. जाळीचे दार सरकल्याचा आवाज होतो, आतला पिवळा दिवा दिसतो, आणि त्याच्या तळहातांना घाम फुटतो. पुढचा मनुष्य आत शिरतो, तेव्हा याचा श्वास अपुरा पडू लागतो, आणि ‘मधेच अडकली तर’ एवढा एकच विचार मनात उरतो. तो रांगेतून बाहेर पडतो, शेजारच्याला ‘तुम्ही व्हा पुढे, मला जरा खाली काम आहे’ असे सांगतो, आणि जिन्याकडे वळतो. पहिल्या पायरीवर पाय ठेवताच त्याला जो हायसे वाटल्याचा निःश्वास सुटतो, तो निःश्वासच या रोगाचा पोशिंदा आहे. कारण त्या सुखाने मनाला दोन गोष्टी शिकविल्या: पळालो म्हणून वाचलो, आणि ज्यापासून पळालो ते खरोखरच घातक असले पाहिजे. लिफ्टमध्ये गेलो असतो तर भय काही काळ शिगेला पोहोचून नंतर आपोआप उतरले असते, कारण कोणतेही शरीर त्या पातळीवरची धडधड दीर्घकाळ चालू ठेवू शकत नाही, हा तिसरा धडा मात्र तो पळाल्यामुळे कधीच शिकत नाही. असे रोज घडते, आणि रोज भय थोडे बळावते. आज लिफ्ट टळली. उद्या भुयारी रस्ता टळतो, परवा वातानुकूलित गाडीचा बंद डबा. आणि भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात त्याप्रमाणे, भिणारा जितका दूर जातो तितके भय त्याच्या मागोमाग येते.

पळ काढण्याचे सूक्ष्म प्रकारही आहेत, आणि ते अधिक फसवे असतात, कारण बाहेरून ते धैर्यासारखे दिसतात. कोणी प्रवासात पाण्याची बाटली आणि चिंतेची गोळी जवळ असल्याशिवाय निघत नाही. कोणी लिफ्टमध्ये जातो, पण डोळे मिटून, मनात आकडे मोजत. कोणी बाजारात जाते, पण नणंदेला सोबत घेऊनच. बर्लिनचे वैद्य कार्ल वेस्टफाल यांनी १८७१ च्या सुमारास मोकळे चौक ओलांडताना भयाने गांगरून जाणाऱ्या रुग्णांचे जे वर्णन केले, त्यातही सोबतीला कोणी असल्यास किंवा थोडे मद्य घेतल्यास त्यांना चौक पार करता येई, असे नमूद आहे. या आधारांनी तो दिवस निभावतो, परंतु यशाचे श्रेय बाटलीला, गोळीला किंवा नणंदेला जाते. मन आपल्या खाती काहीच जमा करीत नाही. गोळ्यांविषयी माझे मत विरोधी नाही. तीव्र चिंता किंवा नैराश्य जोडीला असेल तेव्हा मनोविकारतज्ज्ञाने दिलेले औषध अत्यावश्यक ठरते. परंतु निव्वळ एखाद्या वस्तूच्या भयगंडात तात्पुरत्या शामक गोळीवर विसंबणे म्हणजे त्या तिसऱ्या धड्याला कायमची रजा देणे होय.

या रोगावरचा उपाय, आश्चर्य असे की, एका तरुण संशोधिकेने वॉटसनच्या प्रयोगानंतर चारच वर्षांत शोधून काढला होता. मेरी कव्हर जोन्स यांच्याकडे पीटर नावाचा, तिसऱ्या वर्षात असलेला एक मुलगा आला. ससा दिसला की तो भयाने रडे. जोन्स त्याला आवडीचा खाऊ देऊन खुर्चीवर बसवीत आणि ससा पिंजऱ्यात ठेवून खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला आणवीत, इतका दूर की मुलाचे खाणे थांबू नये. पुढच्या खेपेस पिंजरा थोडा जवळ येई. मग आणखी थोडा. सशाशी निर्धास्तपणे खेळणारी इतर मुलेही मधूनमधून खोलीत असत. हे सर्व सरळ रेषेत घडले नाही. मध्यंतरी पीटरला आरक्त ज्वर आला, तो दोन महिने रुग्णालयात राहिला, आणि घरी परतताना एक मोठा कुत्रा अंगावर धावून आल्याने त्याचे भय पुन्हा पहिल्या पदावर आले. जोन्स यांनी खचून न जाता पुन्हा आरंभ केला, आणि शेवटी पीटर सशाला आपली बोटे हळूच कुरतडू देऊ लागला. १९२४ साली प्रसिद्ध झालेला हा वृत्तान्त त्या काळी फारसा कोणाच्या लक्षात आला नाही. दक्षिण आफ्रिकेतील जोसेफ वोल्पे यांनी, महायुद्धात मनाने मोडलेल्या सैनिकांवर प्रचलित उपचार निष्फळ ठरल्याचे पाहून, स्वतंत्रपणे मांजरांवर प्रयोग केले व १९५८ साली आपली पद्धती ग्रंथरूपाने मांडली, तेव्हा कुठे जगाला जोन्स यांचे महत्त्व उमगले. स्वतः वोल्पे यांनीच त्यांना वर्तनोपचाराची जननी म्हटले.

वोल्पे यांच्या पद्धतीचे सार असे, की रुग्णाने आपल्या भयाच्या प्रसंगांची चढती श्रेणी लिहून काढावी, आणि सर्वांत सौम्य प्रसंगापासून आरंभ करून एकेक पायरी चढावी. आपल्याकडे पोहणे शिकविण्याची जी जुनी रीत होती, तिच्यात हेच तत्त्व कोणी न शिकविता अवतरले होते. मूल प्रथम विहिरीच्या पायऱ्यांवर बसून दुसऱ्यांचे सूर मारणे पाही. मग पाण्यात पाय सोडी. मग पाठीला वाळका भोपळा आणि कमरेला दोर बांधून त्याला पाण्यात उतरवीत. दोराचे टोक पायरीवर बसलेल्या काकाच्या हाती असे; ‘हात मार, मी धरलंय’ असे तो सांगे, आणि मूल पाय झाडू लागले की दोर बेताबेताने सैल सोडी. काही दिवसांनी दोर जाई, मग भोपळा जाई. शहाण्या काकाचे सारे कौशल्य दोर किती सैल सोडावा आणि केव्हा, या निर्णयात असे. त्याच विहिरीवर दुसरीही रीत होती, ती म्हणजे बेसावध मुलाला वरून ढकलून देण्याची. तिने काही मुले पोहायला शिकली हे नाकारता येत नाही. परंतु कित्येकांनी पाण्याचे नाव टाकले ते कायमचेच, आणि त्यांची गणती कोणी ठेवली नाही. स्वेच्छेने सामोरे जाणे आणि सक्तीने लोटले जाणे यांत शरीराला पाणी तेच लागते, पण मन शिकते ते भिन्न.

पायरी चढताना एक नियम पाळावा लागतो: भय चढत असताना माघार घ्यायची नाही, ते निदान निम्म्यावर उतरेपर्यंत तेथेच थांबायचे. कारकुनाने पहिल्या दिवशी उघड्या दाराच्या, थांबलेल्या लिफ्टमध्ये नुसते उभे राहावे. मग एक मजला जावे, तेही प्रथम विश्वासातल्या सोबत्याबरोबर, मग एकट्याने. मग सात मजले. आणि त्यानंतर वेगवेगळ्या इमारतींत, वेगवेगळ्या वेळी. हा शेवटचा भाग टाळून चालत नाही. रशियन शरीरशास्त्रज्ञ पावलोव्ह यांना कुत्र्यांवरील प्रयोगांतच दिसून आले होते की विझलेली प्रतिक्रिया काही काळाच्या विश्रांतीनंतर पुन्हा डोके वर काढते. जुने भय मेंदूतून पुसले जात नाही, त्याच्या शेजारी निर्भयतेची नवी स्मृती लिहिली जाते, आणि कोणत्या स्मृतीचा अंमल चालायचा हे सरावाच्या व्याप्तीवर ठरते. एकाच लिफ्टमध्ये मिळविलेले धैर्य त्या लिफ्टपुरतेच राहण्याचा संभव असतो. पीटरवर कुत्रा धावला तसे प्रसंग प्रत्येकाच्या वाट्याला येतात. त्यांना पराभव न समजता सरावाची तहकूब झालेली तारीख समजणे इष्ट.

एका भयगंडाला मात्र वरील वाटचालीत वेगळे साधन लागते, आणि त्याची माहिती सर्वसाधारण वाचकाला नसल्याने मी त्यावर किंचित थांबतो. रक्त, जखम किंवा इंजेक्शनची सुई पाहून ज्यांना घेरी येते, त्यांच्या शरीरात इतर भयगंडांच्या उलट क्रिया घडते: प्रथम क्षणभर नाडी वाढते, आणि मग रक्तदाब एकाएकी कोसळून मनुष्य खाली पडतो. ही प्रवृत्ती घराण्यातून चालत आलेली फार वेळा दिसते. अशा व्यक्तीला ‘अंग सैल सोड, दीर्घ श्वास घे’ हा आपला नेहमीचा सल्ला अपायकारकच ठरू शकतो, कारण सैलावलेल्या शरीरात रक्तदाब आणखी उतरतो. स्वीडनमधील लार्स-योरान ओस्त यांनी यासाठी नेमकी विरुद्ध कृती योजली. हात, पाय आणि छाती यांचे स्नायू १० ते १५ सेकंद आवळून धरावेत, चेहऱ्याला ऊब जाणवू लागेपर्यंत. मग २० ते ३० सेकंद ते पूर्ववत होऊ द्यावेत, पण अगदी ढिले पडू देऊ नयेत. आणि असे पाच वेळा करावे. घरी सराव करून मग रक्ताचे चित्र, मग प्रयोगशाळेतील रक्ततपासणी अशा पायऱ्या घ्याव्यात. सुईच्या भयाने लस चुकविणारी, रक्ततपासणी लांबणीवर टाकून मधुमेह बळावू देणारी माणसे आपल्या आसपास आहेत, आणि एवढ्या साध्या कृतीच्या अज्ञानापायी त्यांनी शरीराची हानी करून घ्यावी, याचे मला मनस्वी दुःख होते.

काही भये वस्तूची नसून लोकांच्या नजरेची असतात. आपले हसे होईल, आपल्याला नकार मिळेल, या कल्पनेने सभेत बोलू न शकणारे, कचेरीत साहेबांपुढे दरखास्त मांडताना शब्द हरवून बसणारे कितीतरी. न्यूयॉर्कचे आल्बर्ट एलिस तरुणपणी असेच होते. परक्या स्त्रीशी बोलण्याचे त्यांना विलक्षण भय वाटे. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःलाच शिस्त लावली, की ब्राँक्समधील वनस्पती उद्यानात बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की तेथेच जाऊन बसायचे आणि मिनिटाच्या आत बोलायला आरंभ करायचा. महिनाभरात त्यांनी १३० स्त्रियांशी असा प्रयत्न केला. ३० जणी उठून गेल्या, १०० जणींशी संभाषण झाले, एकीने पुन्हा भेटण्याचे कबूल केले आणि ती आलीच नाही. व्यवहाराच्या दृष्टीने हा हिशेब शून्याचा; परंतु कोणी किंचाळले नाही, कोणी शिपायाला बोलावले नाही, नकार मिळूनही आपण शाबूत आहोत, ही रुजवात त्यांना त्या बाकांवर मिळाली. प्रसंग आपल्याला जितके बेजार करतो त्याहून ‘असे होताच कामा नये’ हा आपला स्वतःशी चाललेला हट्ट अधिक बेजार करतो, या विचारावर त्यांनी १९५५ च्या सुमारास आपली उपचारपद्धती उभारली. मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार ठेवून ही विवेकनिष्ठ पद्धती मराठी वाचकांपर्यंत आणली, हे त्यांचे आपल्यावरचे ऋण आहे.

मदत कोठे मागावी, हा प्रश्न आता पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. केंद्र सरकारच्या टेली-मानस या सेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. त्यावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्यविषयक कायद्याने मनाच्या उपचारांचा प्रत्येक नागरिकाचा हक्क मान्य केला असून, विमा कंपन्यांनी शरीराच्या आजारांप्रमाणेच मनाच्या आजारांनाही संरक्षण द्यावे असे त्यात फर्माविले आहे. मन खिन्न होऊन जगणे नकोसे वाटत असेल, भयाच्या जोडीला दारूचा आधार घेतला जात असेल, किंवा मूल शाळेचे नाव काढताच आजारी पडत असेल, तर स्वतःच्या प्रयोगांवर विसंबून न राहता तज्ज्ञाकडे जावे. निव्वळ विशिष्ट भयगंडाचे भवितव्य तर मनोविकारांत सर्वांत आशादायक: ओस्त यांच्याच दुसऱ्या एका, पायरीपायरीने सामोरे जाण्याच्या पद्धतीने कित्येक रुग्ण, आयुष्याची वीस-वीस वर्षे कोळ्याला वा कुत्र्याला भिण्यात घालवून, तीन तासांपर्यंतच्या एकाच बैठकीत मोकळे झाले आहेत. आणि तरीही उपचार मागायला सर्वांत कमी माणसे येतात ती याच दुखण्याची. टाळता येते म्हणून ते सोसता येते असे वाटते, आणि टाळणे हेच तर ते दुखणे.

येथवर जडलेल्या भयाचा विचार झाला; न जडू देण्याचाही विचार आवश्यक आहे. मिनेका यांच्या माकडांच्या कथेचा एक भाग मी मुद्दाम मागे ठेवला होता. काही माकडांना त्यांनी आधी असे माकड दाखविले की जे सापाजवळ निवांत वावरत होते. त्यानंतर घाबरलेले माकड दाखविले, तेव्हा या माकडांपैकी बहुतेकांवर त्या भयाचा परिणाम झाला नाही. शांत मुद्रा आधी पाहिलेली असली तर ती पुढच्या भयाविरुद्ध लसीचे काम करते. मनाची उभारी असे आपण जिला म्हणतो ती जन्मजात कणखरपणाची मिरास आहे, हा समज मला म्हणूनच मान्य नाही. ‘पुरुषासारखा पुरुष आणि रडतोस काय’ या शब्दांनी ती घडत नाही. दुःख गिळून मुकाट राहण्याची सवय म्हणजेच उभारी, असे मानून आपण कित्येक पिढ्यांचे नुकसान केले.

उभारी कशी घडते याचा सर्वांत दीर्घ आणि साक्षेपी शोध हवाई बेटांपैकी काउआई या बेटावर झाला. एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी तेथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांची हकीकत जन्मापासून पुढे चाळिशीपर्यंत टिपून ठेवली. ही मुले बहुतांशी उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या कुटुंबांतील, आणि पुष्कळशी गरीब. त्यांपैकी सुमारे २०० जणांच्या वाट्याला दारिद्र्य, आईबापांची भांडणे, दारू, घरातले मनोविकार, अशा अनेक आपत्ती एकदमच आलेल्या. यांतील बहुसंख्य मुले कुमारवयापर्यंत अडचणीत आली. परंतु ७२ जण कर्तबगार, प्रेमळ आणि स्वतःच्या पायावर उभे असलेले तरुण झाले. त्यांच्यात काय वेगळे होते हे पाहता असे आढळले की जवळजवळ प्रत्येकाला घरात किंवा घराबाहेर निदान एक तरी भरवशाचे वडीलधारे माणूस लाभले होते: आजी, मावशी, शेजारीण, एखादे शिक्षक. त्यांना घरात जबाबदारीची कामे होती, कोणाला धाकट्या भावंडाला सांभाळावे लागे, कोणाला स्वयंपाक. एखादा छंद होता. आणि आपल्या प्रयत्नाने काही बदलते अशी खात्री होती. एकत्र कुटुंबात आजी असते म्हणून आपल्याकडे हे आपोआप साधते, असे म्हणून समाधान मानण्याचा मोह होतो. पण आजी घरात असणे निराळे आणि तिने एखाद्या विशिष्ट मुलाला आपले मानून, त्याचे पूर्ण ऐकून घेणे निराळे. त्या बेटावरही भरलेली घरे पुष्कळ होती. फरक पडला तो त्या एका माणसामुळे.

आणि ज्यांना ते माणूस वेळेवर लाभले नाही, त्यांचीही कथा तेथे संपली नाही. वर्नर यांनी हीच मुले तिशीत आणि चाळिशीत पुन्हा गाठली, तेव्हा अठराव्या वर्षी ज्यांची नावे पोलिसांच्या दफ्तरी होती किंवा ज्यांनी शाळा अर्ध्यावर सोडली होती, त्यांपैकी बरेच जण सावरलेले दिसले. कोणी प्रौढ वयात महाविद्यालयात नाव घातले होते, कोणी सैन्यात जाऊन एखादे कसब शिकले होते, कोणाला स्थिर स्वभावाचा जोडीदार मिळाला होता, कोणी एखाद्या धर्मसमाजात आधार शोधला होता, आणि कोणी जिवावरच्या आजारातून उठून आयुष्याची घडी नव्याने बसविली होती.